मोठ्या अक्षरांची प्रत

५ जानेवारी

आईने अखेर मला मामाच्या गळ्यात मारलं. "कॉलेज सोडलंस, आता घरात पंख्याकडे बघत पडून राहणार का? मामाकडे जा. त्याचे डोळे अधू झालेत, त्याला वाचून दाखव काहीतरी." दुसऱ्या कोणाची आई असं म्हणाली असती तर पोरगा पिशवी उचलून सरळ मामाच्या दारात उभा राहिला असता. मला मात्र प्रत्येक फाटकावर पिशवी उघडून दाखवावी लागली, कारण माझा मामा राष्ट्रपती आहे.

राष्ट्रपती म्हणजे, मामीच्या भाषेत, देशाचा कायमचा प्रमुख पाहुणा. मूळचा तो हाडांचा डॉक्टर. दोन मोठे पक्ष उमेदवारावरून हातघाईवर आले तेव्हा कोणीतरी याचं नाव पुढे केलं आणि आक्षेप घ्यायला कोणालाच काही सापडलं नाही. "एवढीच माझी पात्रता," असं तो स्वतःच हसत सांगतो. मला असल्या गोष्टींवर हसू येत नाही.

खोली प्रशस्त आहे. छत इतकं उंच की उसासा टाकला तर वर पोचेपर्यंत विरून जातो. उसाशांना तोटा नाही. पण तिच्याबद्दल या वहीत एक अक्षरही लिहायचं नाही, असं पक्कं ठरवलंय.

६ जानेवारी

ती बसथांब्यासमोरच्या औषधांच्या दुकानात काम करते. वर्षभरात मी तिथून खोकल्याच्या इतक्या गोळ्या घेतल्यात की कोणी माझं कपाट उघडलं तर मला थेट रुग्णालयात भरती करेल. दिवसा दुकान, संध्याकाळी रात्रमहाविद्यालय. शेवटचं वर्ष आहे तिचं. काउंटरवर तिच्याबरोबर एक चष्मेवाली असते, त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. मी दिसलो की ही चष्मेवाली आत आवाज देते, "अगं, तुझा खोकला आलाय!"

आज गेलो तर ती म्हणाली, "राष्ट्रपतींच्या घरी राहतोस आणि गोळ्या इथून नेतोस? तिथे डॉक्टर नाही का?"

"आहे की. स्वतः राष्ट्रपतीच."

ती हसली. रस्ताभर मी त्या हसण्याच्याच तंद्रीत होतो, बस चुकली.

११ जानेवारी

मामाचं काम बघून बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळी एका परदेशी राजदूताकडून अधिकारपत्र घेतलं, दुपारी खेळाडूंना पदकं घातली, संध्याकाळी एका खड्ड्यात रोप लावलं. खड्डा आधीच खणलेला, रोपही आधीच ठेवलेलं. मामाने फक्त झारी वाकडी केली. नवे बूट चावत होते म्हणून घरी आल्याबरोबर पाय कोमट पाण्यात सोडून बसला. मामी म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात मला स्वतःच्या हाताने चहा टाकायला एक ओटा नाही, आणि यांना स्वतःच्या मनाने बोलायला एक वाक्य नाही. जोडी छान जमलीय."

कार्यालयात एक सचिव बाई आहेत. बोलणं, चालणं, कागदांच्या कडा, सगळं कडक. मी त्यांचं नाव इस्त्री ठेवलंय. पहिल्याच दिवशी ऐकवलं, "इथे मामा म्हणायचं नाही. आणि 'तू' तर नाहीच नाही."

"मग घरी काय म्हणू?"

"घर त्या दारापलीकडे सुरू होतं."

१४ जानेवारी

बातमी आली. सरकार सगळी रात्रमहाविद्यालयं बंद करणार. विद्यार्थी कमी, खर्च जास्त, इमारती मोक्याच्या जागी, वगैरे. दुकानात गेलो तर ती गिऱ्हाइकाला चुकीची बाटली देता देता थांबली.

"दिवसाच्या कॉलेजात जाऊ म्हणतात. दिवसा काम कोण करणार? यांचे शिक्षणमंत्री?" चष्मेवाली चिडली होती.

तिने मला बाजूला घेतलं. "एक विचारू? तुझ्या मामांना सांगशील? नुसतं सांग. बाकी काही नको."

नुसतं सांग! तिने चंद्र आण म्हटलं असतं तर मी शिडी शोधायला निघालो असतो.

१५ जानेवारी

मामाशी कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे भांडलो मी, तो टोस्टला लोणी लावत होता.

"तू सही करू नकोस, बास," मी म्हटलं.

"अजून विधेयक मांडलेलंही नाही. मांडलं, मंजूर झालं, तर माझ्याकडे येईल. मी एकदा परत पाठवू शकतो, पुन्हा विचार करा म्हणून. एकदाच. तसंच पुन्हा आलं तर सही करावीच लागते."

"मग तुझा उपयोग काय?"

"जीभ सांभाळ," मामी म्हणाली.

"अगं, बरोबर विचारतोय तो. दवाखान्यातही विचारायचे मला, हाड तर आपोआप जुळतं, मग डॉक्टरचा उपयोग काय? मी म्हणायचो, सरळ जुळेपर्यंत ते हलू द्यायचं नाही, एवढाच."

वर आणि त्याने मलाच काम लावलं. त्या कॉलेजात किती मुलं आहेत, दिवसा कुठे कुठे कामाला जातात, शिकून पुढे काय झाली, सगळं विचारून ये म्हणे. मी काय जनगणनेला आलोय? इथे एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हा माणूस चौकशा करत बसलाय!

विचारून मात्र आलो. निदान त्या निमित्ताने ती माझ्याशी खोकल्याव्यतिरिक्त बोलली. मामाने सगळं डोळे मिटून ऐकलं. झोपलाच असणार.

२२ जानेवारी

दर बुधवारी पंतप्रधान राष्ट्रपतींना भेटायला येतात. दोघंच आत, दार बंद. मला वाटायचं की देशाचे मोठे मोठे प्रश्न तिथे सुटत असतील. आज मामाचा चष्मा द्यायला आत गेलो तर काय दिसावं? पंतप्रधान पँट गुडघ्याच्या वर दुमडून बसलेले आणि मामा त्यांची वाटी दाबून बघतोय!

"घाई करू नका," मामा सांगत होता. "आधी नीट तपासून घेऊ. सहा महिने, वर्ष लागू दे. मग कापायचं का ते ठरवू."

"माघार घेतली म्हणतील लोक."

"तपासणीला कोणी माघार म्हणत नाही. उलट जबाबदार माणूस म्हणतात."

मी चष्मा टेबलावर आपटूनच बाहेर आलो. मुलांची कॉलेजं बुडतायत आणि यांची गुडघेदुखीवर चर्चा. एवढा मोठा माणूस ऑपरेशनला घाबरतो, हेही आजच कळलं.

२८ जानेवारी

मला पहिल्यांदाच खरं काम मिळालंय. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राष्ट्रपती संसदेत भाषण करतात. भाषण लिहितं मंत्रिमंडळ, हा फक्त वाचतो. प्रत्येक परिच्छेदात 'माझे सरकार', जसं काही यानेच ते बाजारातून निवडून आणलंय. छापील प्रत सगळ्या खासदारांच्या हातात असते, पण मामाला ती दिसत नाही. म्हणून त्याच्यासाठी बालवाडीच्या पुस्तकासारख्या अक्षरांची वेगळी प्रत करायची. ती मी टाइप करायची.

मसुद्यात एक वाक्य आहे: 'रात्रमहाविद्यालये बंद करण्याबाबतचे विधेयक माझे सरकार याच अधिवेशनात मांडेल.'

ते माझ्या मामाच्या तोंडून! ते टाइप करताना कीबोर्डची एक कळ तुटली. इस्त्री म्हणाली, "राग कागदावर उतरत नाही, फक्त कळ तुटते." नवीन कीबोर्ड आणून ठेवला.

३० जानेवारी

मसुदा बदलून आला. कालच्या बुधवारी पंतप्रधान नेहमीपेक्षा बराच वेळ आत होते, गुडघा फारच बिघडलेला दिसतोय. आणि आता ते वाक्य असं आहे: 'रात्रमहाविद्यालयांच्या फेररचनेचा सर्वांगीण अभ्यास करण्यात येईल.'

माझं टाळकंच सटकलं. आधीचं निदान सरळ होतं, समोरून सुरा. हे म्हणजे उशी तोंडावर दाबून गुदमरवणं. अभ्यास! मी कॉलेजातला माणूस आहे, अभ्यासाच्या नावाखाली काय काय चालतं ते मला कोणी शिकवायला नको.

इस्त्री मात्र आज चक्क काहीतरी गुणगुणत होती. "हे वाक्य नीट टाइप करा," म्हणाली. "फार महाग पडलंय."

कोणाला महाग? विचारणार होतो, पण ती निघून गेली.

३१ जानेवारी

दुकानात गेलो. तिला सगळं सांगितलं.

"अभ्यास करणार म्हणजे? बंद की चालू?"

"बंदच. पण मी होऊ देणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तसं बघणं मी आधी पाहिलं नव्हतं. "ए, तू काही करू नकोस हं. कॉलेज सोडतानाही तू असंच म्हणाला होतास. सरांच्या अंगावर पेपर फेकलास आणि झालं काय? सर अजून शिकवतायत, तू बाहेर आहेस."

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"माझा परीक्षेचा आहे."

चष्मेवाली आतून म्हणाली, "खोकला वाढलेला दिसतोय."

तिला वाटतंय मी नुसता बोलतो. बघेल आता.

३ फेब्रुवारी, सकाळी

केलं. पान बदललं. काल सगळी प्रत इस्त्रीने मूळ मसुद्याशी ताडून बघितली, पण संसदेपर्यंत फोल्डर नेऊन मंचावर ठेवायचं काम माझं आहे. नवं पान अगदी तसंच, एक वाक्य सोडून: 'रात्रमहाविद्यालये बंद केली जाणार नाहीत, हे माझे सरकार निःसंदिग्धपणे सांगू इच्छिते.'

एकदा राष्ट्रपतींच्या तोंडून भर संसदेत निघालं की कोण फिरवेल? आणि मामाही सुटला. त्याला काही ठरवावं लागलं नाही, काही लढावं लागलं नाही. समोर आहे ते वाचायचं, हेच तर तो करत आलाय. छाती भरून आलीय. आज मी तिच्यासाठी एक वाक्य लिहिलंय आणि अख्खा देश ते ऐकणार आहे.

३ फेब्रुवारी, दुपारी

मी प्रेक्षक सज्जात मामीशेजारी होतो. मामा एका लयीत वाचत होता. त्याने ते पान उलटलं.

"रात्रमहाविद्यालये बंद केली जाणार नाहीत..."

विरोधकांच्या बाजूने पहिलं बाक वाजलं, मग सगळीच. पंतप्रधान हातातली छापील प्रत उलटीसुलटी करून बघायला लागले. मामा थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोणाचं तरी पेन पडलं ते वरपर्यंत ऐकू आलं.

"क्षमा असावी," मामा म्हणाला. "वाचताना माझी चूक झाली." आणि कागदाकडे न बघता, पाठ असल्यासारखं, ते दुसरं वाक्य त्याने म्हटलं. अभ्यासाचं. मग पान उलटून पुढे वाचायला लागला.

बाकं आता दुसऱ्याच आवाजात वाजत होती. "कोणाच्या दबावाखाली?" कोणीतरी ओरडलं. मामीने भाषणाच्या सगळ्या तालमी ऐकल्या होत्या. ती मंचाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

४ फेब्रुवारी

सगळीकडे तेच. राष्ट्रपतींनी मनातलं सांगितलं आणि पंतप्रधानांनी गिळायला लावलं, असं अर्धे म्हणतायत. उरलेले म्हणतायत, राष्ट्रपतींनी पायरी सोडली. राष्ट्रपती भवनातून, म्हणजे आमच्या घरातून, दोन ओळींचं निवेदन निघालं: वाचनातली चूक सर्वस्वी राष्ट्रपतींची आहे, कार्यालयातल्या कोणाचीही नाही.

मामाकडे गेलो. सांगणार होतो. "बस," तो म्हणाला. "मला माहीत आहे. ती जी कळ तू तोडलीस ना, नव्या कीबोर्डवरही तू ती जोरातच दाबत असणार. रागाने लिहिलेलं वाक्य ऐकू येतं रे."

"ते वाक्य खरं होतं, मामा."

"खरं होतं. माझं नव्हतं. माझ्या सरकारचंही नव्हतं."

"तुझ्या सरकारला फक्त अभ्यास करायचा होता!"

मामाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "अभ्यास समितीचा अध्यक्षसुद्धा ठरला होता. अतिशय सज्जन माणूस. वय झालेलं आणि भयंकर सावकाश. त्याने अहवाल द्यायच्या आत दोन निवडणुका होऊन गेल्या असत्या. तू दुकानातून जी माहिती आणलीस ना, तिच्यावर पंतप्रधान तयार झाले होते. विधेयक बाजूला ठेवायला."

मला बुधवारचा तो गुडघा आठवला.

"मग आता?"

"आता त्यांना दाखवायला लागेल, सरकार कोणाचं आहे ते."

दाराबाहेर इस्त्री उभी होती. कागदांच्या कडा जुळवत राहिली. तिने ओरडायला हवं होतं.

१० फेब्रुवारी

विधेयक मांडलं. मंत्री म्हणाले, सरकारच्या धोरणाबद्दल कोणाच्याही मनात शंका राहू नये म्हणून हे तातडीने आणत आहोत. 'कोणाच्याही' म्हणताना ते वर बघत होते, म्हणजे आमच्या घराकडे.

"एकदा परत पाठवता येतं ना तुला?" मी मामाला विचारलं. "ते तरी कर."

"आठवड्यापूर्वी करू शकलो असतो. तेव्हा मी कोणाचाच नव्हतो. आज परत पाठवलं तर म्हणतील, बघा, याच्या मनात तेच होतं. आणि पुढच्या वेळी याहून मोठं काही परत पाठवायची पाळी आली तर कोण ऐकेल?"

मी ओरडलो, दार आपटलं, बागेत जाऊन त्या लावलेल्या रोपाशेजारी बसलो. जाऊ कुठे? दुकानात जायची हिंमत नाही.

१२ फेब्रुवारी

बुधवार. पंतप्रधान आले नाहीत. गेल्या बुधवारीही आले नव्हते. मामाने दोन कप मांडायला लावले होते. दुसरा मामीने येऊन प्यायला.

१९ फेब्रुवारी

आज आले. येताना जिन्यावर लंगडत होते, ते नाटक नसावं. बाहेर पडताना चेहरा तसाच कठीण होता. मला ओलांडून गेले, मग मागे वळून म्हणाले, "तुम्हीच ते भाचे?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. मला फाडून खातील असं वाटलं होतं. ते बरं वाटलं असतं.

परवा मतदान आहे. रात्रमहाविद्यालयांची मुलं संसदेच्या फाटकासमोर धरणं धरून बसलीयत.

२४ फेब्रुवारी

विधेयक मंजूर होऊन सहीला आलं. मामाचं डोळ्यांचं ऑपरेशन उद्यावर आलंय, त्याला छापील अक्षर अजिबात लागत नाही. इस्त्रीने वाचायला घेतलं तर मामा म्हणाला, "भाचा वाचेल." मग माझ्याकडे वळून, "मथळ्यापासून वाच. काही गाळू नकोस. काही घालू नकोस."

वाचलं. कलमामागून कलम. शेवटच्या परिशिष्टात बंद होणाऱ्या कॉलेजांची नावं होती. तिच्या कॉलेजचं नाव आलं तेव्हा अडलो. मामा थांबून राहिला, मी पुन्हा सुरुवात करेपर्यंत. त्याने मला पाणी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

त्याआधी मात्र एक कलम होतं, ते मांडलेल्या विधेयकात नव्हतं. ते विधेयक मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेतही सांगू शकेन. 'या अधिनियमात काहीही असले तरी, अंतिम वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या महाविद्यालयातच शिक्षण व परीक्षा पूर्ण करता येईल.' शुक्रवारी सरकारनेच दुरुस्ती म्हणून घातलेलं.

"मामा, हे तू..."

"पुढचं वाच."

वाचून झालं. त्याने बोटाने जागा चाचपली, मी बोट योग्य ओळीवर नेऊन ठेवलं, त्याने सही केली. इस्त्रीने कागद उचलले. ती गेल्यावर मामा म्हणाला, "आता दुकानात जाशील."

"जाणार ना! सांगणार तिला, हे तू करून घेतलंस म्हणून."

"मग येत्या बुधवारी पंतप्रधान माझ्याकडे येतील?"

मी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं.

"पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मला काही करता आलं नाही," तो म्हणाला. "तेही सांगू नकोस. ते त्यांना कळेलच."

२५ फेब्रुवारी

मामाचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आहे, मामी शेजारी बसून त्याला बातम्या सांगतेय आणि मध्येमध्ये स्वतःच्या पदरच्याही घालतेय. तिथून दुकानात गेलो.

तिने मला बघितलं आणि काउंटरच्या बाहेरच आली. डोळे चमकत होते. "कळलं का? शेवटच्या वर्षाला सोडलं! परीक्षा होणार आमची! आम्ही फाटकासमोर बसलो होतो ना, त्याचा परिणाम. घाबरले ते."

"हो," मी म्हटलं.

"शेवटी रस्त्यावर उतरल्याशिवाय काही होत नाही. तू राहतोस त्या घरात सगळे नुसते गालिचे. राग मानू नकोस, पण तुझ्या मामांनी काय केलं? आधी धड वाचता आलं नाही आणि मग नुसती सही करून मोकळे."

जिभेच्या टोकाशी सगळं आलं होतं. गुडघा, सावकाश अध्यक्ष, माझं पान, ते कलम. ऐकल्यावर तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं, तेही मला दिसत होतं. दात इतके घट्ट आवळले की कानशिलं दुखायला लागली.

"हो," मी म्हटलं. "नुसती सही केली."

ती चपापली. "भांडत नाहीस? बरं नाही का तुला?" आणि तिने हात पुढे करून उलटा तळवा माझ्या कपाळाला लावला. वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो ते हे असं, भर दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना.

"ताप तर नाहीये," ती म्हणाली.

तिच्या मागे चष्मेवाली फळीवर खोकी लावत होती. माझ्याकडे पाठ होती तिची. आज तिने आत आवाज दिला नव्हता.